पोहण्याच्या दिवसाचं पान

२६ एप्रिल

तुला,

वर काय लिहावं यात माझा पाऊण तास गेला. ‘प्रिय’ माझ्याने लिहवणार नाही, आणि जे लिहवेल ते लिहू नका असं समुपदेशक बाईंनी बजावलंय. म्हणून नुसतं ‘तुला’.

कोर्टात ठरल्याप्रमाणे आपली मासोळी ३० एप्रिलपासून १४ मेपर्यंत तुझ्याकडे राहील. तुझ्या शहरात मोठा तलाव आहे, पोहण्याचं शिबिर आहे, आणि तुला पुन्हा आई व्हायची हौस आली आहे. गेली तीन वर्षं महिन्यातून एकदा दोन तास भेटलीस, तेही बाईंच्या खोलीत, भिंतीवरच्या घड्याळाकडे बघत. आता एकदम पंधरा दिवस. फोनवर आपण बोललो की भांडण ठरलेलं, म्हणून मुलीच्या खाण्यापिण्याचं सगळं लेखी द्या असा बाईंचा हुकूम आहे. देतोय.

आधी तुला थोडी आठवण करून देतो, म्हणजे आपण कुठून सुरुवात करतोय ते कळेल. मासोळी पाच वर्षांची होती. सारखी तहान, सारखी लघवी, महिन्यात चार किलो वजन उतरलेलं. डॉक्टर म्हणाले, टाइप वन मधुमेह. तिचं शरीर इन्सुलिन बनवायचं थांबलंय, आता ते जन्मभर बाहेरून द्यायचं, आणि ती जे खाईल त्याच्या मापाने द्यायचं. रुग्णालयात चौथ्या दिवशी परिचारिकेने आपल्या दोघांच्या हातात एकेक संत्रं दिलं आणि म्हणाली, यावर सुईचा सराव करा. मी टोचलं. तू टोचलंस, ओकलीस, तोंड धुऊन आलीस आणि म्हणालीस, “खालून चहा घेऊन येते.” तो चहा अजून यायचाय.

संध्याकाळी तुझा फोन आला, बसमधून. “माझ्याने नाही होणार. मी तिला सुई टोचू शकत नाही.” जसं काही मला टोचायला आवडत होतं.

असो. आता ऐक.

मी कारखान्याच्या उपाहारगृहात रोज चारशे माणसांचा स्वयंपाक अंदाजाने करतो. मीठसुद्धा मुठीने टाकतो. पण घरी एका मुलीचा भात काट्यावर तोलतो. काटा आणि तिची वाटी तिच्या बॅगेत आहे. तुझी वाटी वापरू नकोस. वाट्या दिसायला सारख्या असतात, मापाला नसतात.

सकाळी सात वाजता बोट टोचून साखर बघायची. ते ती स्वतः करते, तू फक्त आकडा वहीत लिही. सुई बघवत नसेल तर डोळे मिट. मग दुधात शिजवलेले ओट्स, एक उकडलेलं अंडं, अर्धं सफरचंद, सालीसकट. साल काढून लाड करू नकोस, साल असली की साखर हळू चढते. दुपारी साडेबाराला जेवण. आधी भाजी, मग डाळ, शेवटी भात, याच क्रमाने. शिजवलेला भात दीडशे ग्रॅम, म्हणजे साधारण बेचाळीस ग्रॅम कर्बोदकं. सोबत दही, बिनसाखरेचं. साडेचारला गव्हाच्या ब्रेडचा एक तुकडा आणि त्यावर चीज. साडेसातला रात्रीचं जेवण, तेही दुपारसारखंच. बटाटा दिलास तर भात देऊ नकोस. भूक लागली म्हणाली तर शेंगदाणे, काकडी, अंडं. फळांचा रस रोजचा नाही, तो साखर उतरली तरच. उतरली म्हणजे सत्तरच्या खाली. अर्धा पेला रस, पंधरा मिनिटं थांब, परत तपास.

इन्सुलिन किती, ते डॉक्टरांनी ठरवलेलं सोबतच्या कागदावर आहे. ती स्वतः टोचून घेते. तू फक्त मात्रा बघायची.

बॅगेत एक लाल डबी आहे. शुद्ध हरपली तर द्यायचं इंजेक्शन त्यात आहे. तुला ती लागणार नाही, आणि लागली तरी तुझ्याने होणार नाही. नियम आहे म्हणून ठेवली आहे.

कागद एकच आहे. त्यात सगळं आलं.

– तिचा बाबा


४ मे

तुला,

तुझं पत्र मिळालं. अक्षर सुधारलंय. चष्म्याच्या काचा घासून घासून हात स्थिर झाला असावा.

मासोळीचा रोज संध्याकाळी फोन येतो, त्यामुळे मला सगळं कळतं. पहिल्या दिवशी तू ओट्स करपवलेस. दुसऱ्या दिवशी भात तोलताना वाटीचं वजन वजा करायला विसरलीस, मग डाळ-भाजी खाल्ल्यावरही तिला भूक राहिली. तिसऱ्या दिवशी तुझ्या दुकानातल्या कुणीतरी बिस्किटं दिली आणि साखर दोनशे ऐंशीवर गेली. मी सगळं लिहून ठेवतोय, तारीख आणि वेळेसकट. पंधरा दिवस संपले की वही बाईंच्या टेबलावर जाईल. हे तुला आधीच सांगतोय, मागून वार केला असं नको व्हायला.

तू तीन गोष्टी विचारल्यास. त्यांची उत्तरं.

एक, चॉकलेट पूर्ण बंद आहे का? नाही. काहीच पूर्ण बंद नसतं. एखादा छोटा तुकडा चालतो, पण तो जेवणाच्या मापात धरून. मधुमेह झालेल्या मुलाला आयुष्यभर कारलं खायला घालायचं असतं असं लोकांना वाटतं. तुलाही तेच वाटत असणार, कारण माहिती करून घ्यायला तू थांबलीच नव्हतीस.

दोन, ती रात्री ‘आई’ म्हणून हाक मारते का? हे खाण्यापिण्यात येत नाही.

तीन, शिबिरात रोज सकाळी साडेआठ ते साडेदहा पोहणं असतं, तर त्या दिवशी खाण्यात किंवा इन्सुलिनमध्ये काही बदल करायचा का? नाही. कागदावर आहे तेच कर. डोकं चालवू नकोस. डोकं चालवलंस की तू चहाला जातेस.

– तिचा बाबा


८ मे

तुला,

परवा दुपारी साखर चौसष्ट, काल अडुसष्ट. तू रात्रीच्या बसने चार ओळींचं घाबरलेलं पत्र पाठवलंस. पोहायला लागल्यापासूनच दुपारची साखर उतरतेय असं तुझं म्हणणं. “काहीतरी राहिलंय का?” असं विचारतेस.

काही राहिलेलं नाही. मात्रा बघण्यात तुझी चूक होत असेल. अर्धी खूण आणि पूर्ण खूण यातला फरक ओळखायला लक्ष लागतं. चार वर्षांत माझी एकदाही दुपार चुकलेली नाही. तुझ्या दोन दुपारी सलग चुकल्या. दोन्ही लिहून घेतल्या आहेत.

रस दिलास, पंधरा मिनिटांनी तपासलंस, साखर वर आली. झालं. एवढ्यावर जीव टांगणीला लागत असेल तर नको घ्यायची होतीस जबाबदारी.

अजून सहा दिवस आहेत.

– तिचा बाबा


१३ मे

तुला,

मासोळी काल घरी आली. आता ती झोपली आहे, सकाळचे दहा वाजलेत, आणि मी कामावर रजा टाकून तुला हे लिहितोय.

नऊ तारखेला तुझ्या घरात काय झालं ते मी डॉक्टरांकडून ऐकलं. पोहून आली, साडेबाराला जेवली, नेहमीची मात्रा घेतली, आणि झोपते म्हणाली. तीन वाजता तू उठवायला गेलीस तर उशी घामाने भिजलेली, डोळे अर्धवट उघडे, एक हात झटके देत होता. तू लाल डबी फोडलीस, औषध मिसळलंस आणि तिच्या मांडीत टोचलंस. मग तिला कुशीवर वळवून रुग्णवाहिका बोलावलीस. डॉक्टर मला म्हणाले, “आईने वेळेत इंजेक्शन दिलं म्हणून बरं झालं.” वर हेही म्हणाले, “हात अजिबात थरथरला नसणार, अगदी योग्य जागी दिलंय.”

ते मी ऐकून घेतलं. गिळता नाही आलं. चार वर्षं मी दिवसातून चार वेळा या मुलीच्या सुया, आकडे, ताटं सांभाळली. मला कुणी असं म्हणालं नाही. आणि तू एकदा टोचलंस तर कौतुक.

सहा तास बसमध्ये बसून आलो तेव्हा माझ्या डोक्यात काय काय चाललं होतं ते तुला सांगणार नाही. वॉर्डात शिरलो तर तू तिच्या पायाशी बसली होतीस, केस विस्कटलेले, कामावरचा निळा डगला तसाच अंगावर. मला वाटलं होतं तुला असं बघून बरं वाटेल.

मग त्या तरुण डॉक्टरीण बाईंनी तुझ्या पिशवीतला कागद बघितला आणि विचारलं, “पोहण्याच्या दिवसाचा वेगळा तक्ता नाही का? एवढी पोहणारी मुलगी, तिची साखर तासाभराने नाही, कधीकधी पाचसहा तासांनीसुद्धा उतरते. खाणं वाढवावं लागतं, दुपारची मात्रा कमी करावी लागते. हे तुम्हाला कुणी सांगितलं नाही?”

तू माझ्याकडे बघितलंस.

मी म्हणालो, “दिला होता तक्ता. दोन कागद होते.”

आणि तू म्हणालीस, “माझ्याकडून हरवला असेल.”

तू स्वतः कबूल केलंस, चार माणसांसमोर. म्हणून आता मी स्पष्ट लिहितो. मी बाईंना अर्ज देतोय की यापुढे मासोळी तुझ्याकडे राहायला येणार नाही. एक दिवससुद्धा नाही. बाईंच्या खोलीतल्या दोन तासांचं काय करायचं तेही बघू. तू चार वर्षांपूर्वी स्वतःच्या पायांनी गेलीस, आता तुला दार बंद असेल. मी या दिवसाची वाट बघत होतो हे लपवत नाही.

आणि हो. मी तुला लिहिलेली आधीची तिन्ही पत्रं परत पाठव. ती खासगी आहेत.

– तिचा बाबा


२१ मे

तुला,

तुझं पाकीट परवा मिळालं. माझी तिन्ही पत्रं त्यात होती, आणि चौथंही. सोबत तुझ्या सहीचा कागद: ‘मुलीच्या आरोग्याचा विचार करून मी मुक्कामाच्या भेटीचा हक्क सोडत आहे.’ आणि एका चिठ्ठीवर तुझ्या हाताच्या या ओळी:

‘चार मेचं पत्र मी कुणालाही दाखवलेलं नाही, त्याची प्रत ठेवलेली नाही. तिथे वॉर्डात ती जागी होती. बाबा खोटं बोलतोय हे तिला माझ्या तोंडून कळायला नको होतं. तुझ्याशिवाय तिला कोण आहे?’

वाचून मला आधी राग आला. एवढा राग मला तू बसमधून फोन केलास तेव्हाही आला नव्हता. माझ्या हातात तुझं मानगूट होतं, आणि तू स्वतःच मान पुढे केलीस. सूड घेण्याची मजा तूच काढून घेतलीस. मी पत्रं गॅसपाशी नेली. शेगडी पेटवली. चार कागद. मिनिटभराचं काम होतं.

नाही जाळली. का, ते सांगतो.

त्या संध्याकाळी साडेसात वाजता मासोळी जेवायला बसली. मी तिला आनंदाची बातमी देतो तशी सांगितली, “आता तुला तिकडे जावं लागणार नाही हं. आईने स्वतःच लिहून दिलंय.”

तिने चमचा खाली ठेवला. “म्हणजे कधीच नाही?”

“बाईंच्या खोलीत भेट ना महिन्यातून एकदा.”

“झालं ना तुझ्या मनासारखं?”

“माझ्या मनासारखं काय त्यात? आईचं लक्ष नव्हतं म्हणून तुला रुग्णालयात जावं लागलं.”

तिने फ्रिजकडे बोट केलं. मग म्हणाली, “बाबा, पोहण्याच्या दिवसाचं पान फ्रिजवरच आहे.”

मी वळून बघितलं. होतं. चार वर्षांपासून तिथेच आहे ते, दोन चुंबकांखाली. डाव्या बाजूला रोजचं पान, उजव्या बाजूला पोहण्याच्या दिवसाचं. एक पाहुणासुद्धा घरात आला तर त्याला दिसावं इतकं समोर. मी तुझ्यासाठी डाव्या पानाची नक्कल केली होती. उजव्या पानाची नाही केली.

“बॅग भरताना मी बघितलं होतं,” ती म्हणाली. “मला वाटलं विसरलास. मग तू म्हणालास, कागदावर आहे तसंच खायचं, मध्ये शहाणपणा करायचा नाही. तेव्हा कळलं.”

“काय कळलं?”

“की तुला आईला जमायला नको होतं.”

नऊ वर्षांची मुलगी. पायसुद्धा खुर्चीवरून जमिनीला टेकत नाहीत अजून.

मी विचारलं, “मग आईला का नाही सांगितलंस?”

“आईला नाही जमलं तर तू खूश झाला असतास ना, म्हणून.” मग ती खूप हळू म्हणाली, “त्या दिवशी मला आधीच गरगरायला लागलं होतं. हात पण थरथरत होते. तेव्हाही मी आईला सांगितलं नाही. झोपते म्हटलं.”

मी तिथून उठलो. नळ सोडून मोरीपाशी उभा राहिलो. भांडी घासत होतो की काय करत होतो, मला आठवत नाही. मागून तिचा आवाज आला, “रडू नकोस. मी मेले नाही ना.”

म्हणून आता जे आहे ते लिहितो. तू वाच, बाईंनाही वाचायला दे.

पान मी मुद्दाम दिलं नाही. मला तिला इजा करायची नव्हती, ही एक गोष्ट खरी आहे. मला वाटलं होतं, साखर दोनतीनदा साठसत्तरवर येईल, ती चटकन सांगेल, कारण घरी ती नेहमी सांगते. तू धांदरटासारखी रस घेऊन धावशील, आणि माझ्या वहीत तुझ्या नावावर दोनतीन चुका जमा होतील. तेवढ्याने तुझी भेट बंद झाली असती. हा माझा हिशेब. तू चार मेला सरळ विचारलंस, तेव्हा मी नाही म्हणालो. आठ मेला पुन्हा विचारलंस, तेव्हा चूक तुझ्यावर ढकलली. आणि नऊ तारखेला डॉक्टरांनी विचारलं तेव्हा मुलीच्या खाटेपाशी उभं राहून खोटं बोललो. चार वर्षं जिची सकाळ-संध्याकाळ मोजण्यात गेली, तिच्या जिवाशी मी खेळलो. तुझा सूड घ्यायला माझ्या हातात दुसरं काही नव्हतं, म्हणून तिला वापरलं.

आणखी दोन गोष्टी. तू पहिल्या वर्षी पाठवलेली पत्रं मी न उघडता परत केली, हे तुला माहीत आहे. तिला माहीत नव्हतं. तू कधी लिहिलंच नाहीस असं मी तिला सांगितलं होतं. आणि सहा वर्षांची असताना तिने मला विचारलं होतं, “मला हा आजार झाला म्हणून आई गेली का?” मी ‘नाही’ म्हणायला हवं होतं. मी गप्प बसलो. मुलांना गप्प बसण्याचा अर्थ बरोबर कळतो.

ते दोन्ही परवा तिला सांगितलं. तिने भात संपवला, ताट उचललं, दात घासले आणि झोपायला गेली. दार लावून घेतलं. याआधी तिने कधी दार लावलं नव्हतं.

तुझ्या सहीचा कागद मी फाडला. तुझी चिठ्ठी आणि माझी पत्रं उद्या बाईंना नेऊन देतोय.

याचा अर्थ मी तुला माफ केलं असा घेऊ नकोस. तू पाच वर्षांच्या मुलीला खाटेवर सोडून गेलीस, ते मी मरेपर्यंत विसरणार नाही. पण तू गेलीस तेव्हा ती सुखरूप राहिली. तिच्यावर वेळ आणली ती मी.

– तिचा बाबा


२ जून

तुला,

बाईंनी तुला कळवलं असेलच, पण मी माझ्या बाजूने लिहितो.

चारही पत्रं त्यांनी माझ्यासमोर वाचली. पहिल्या पत्रातल्या चहावर त्यांना हसू आलं असावं, ते त्यांनी दाबलं. चौथं वाचून आणि त्या पानाचं खरं काय ते माझ्या तोंडून ऐकून त्यांनी चष्मा काढला. म्हणाल्या, “आचारी, तुम्ही हे स्वतःहून आणलंत म्हणून मी तुमच्याशी बोलतेय. नाहीतर मी आत्ताच पोलिसांना फोन केला असता.” मी म्हणालो, “करा.” त्या म्हणाल्या, “मग मुलीचं काय? तिला एका महिन्यात दोनदा पालक गमवायचे का?”

मग ठरलं ते असं. सुट्टीचे उरलेले दिवस मासोळी तुझ्याकडे. शाळा सुरू झाली की इथे, पण दर दुसऱ्या शनिवार-रविवारी तू येणार आणि तिला न्यायचं की इथे राहायचं ते ती ठरवणार. सहा महिने माझी वही दर आठवड्याला रुग्णालयातली परिचारिका तपासणार. वही तपासायला मी नेली तेव्हा समोर तीच बाई निघाली, संत्रं देणारी. तिने मला ओळखलं. मग आकडे वाचत गेली. मला चार वर्षांनी पहिल्यांदा कुणीतरी परीक्षेला बसवल्यासारखं वाटलं. बसवायलाच हवं होतं.

पोहण्याच्या दिवसाचं पान सोबत आहे. या वेळी माझ्या अक्षरात नाही, डॉक्टरांकडून सही-शिक्क्यासकट आणलंय, म्हणजे तुला माझ्यावर विश्वास ठेवायची गरज नाही. तलावात उतरण्याआधी तपासायचं. पोहून आल्याबरोबर केळं आणि दूध, त्यासाठी इन्सुलिन नाही. जेवणाची मात्रा किती कमी करायची ते लिहिलंय. दोन वाजता, साडेचारला आणि झोपताना पुन्हा तपासायचं. स्पर्धेच्या आधी घाबरली की तिची साखर उलटी चढते, त्यावर लगेच इन्सुलिन देऊ नकोस, तासभर थांब. हे कागदावर नाही, हे मला शिकायला दोन वर्षं लागली. तुला फुकट देतोय. जिवावर येतंय, पण देतोय.

– तिचा बाबा


३ जुलै

तुला,

शाळा सुरू होऊन दोन आठवडे झाले. आता घरात काय चालतं ते तुला दुसऱ्याकडून कळण्याआधी मीच सांगतो.

मासोळी माझ्याशी बोलते. हसतेसुद्धा. परवा तलावावर तिने पन्नास मीटरचं अंतर आधीपेक्षा दोन सेकंद कमी वेळात कापलं, आणि काठावर येऊन ओल्या हातांनी माझा सदरा भिजवला. पोहण्याचे सर म्हणाले, “पाय मारण्यात जोर आलाय हिच्या.” साखर एकशे चाळीस होती. केळं खाल्लं, दूध प्यायली. सगळं पूर्वीसारखं वाटावं असा तो तास होता.

मग घरी आलो. मी भात तोलला, भाजी वाढली, डाळ वाढली. ताट तिच्यासमोर ठेवलं. तिने फोन काढला, ताटाचा वरून फोटो काढला, काट्यावरचा आकडा दिसेल असा आणखी एक काढला, आणि तुला पाठवला. मग हात मांडीवर ठेवून बसली.

मी विचारलं, “काय गं?”

ती म्हणाली, “आई बघेल, मग मी घेईन.” रागाने नाही म्हणाली. दार लावलंय का ते कुणी बघून येतं ना, तितक्या साधेपणाने म्हणाली. इन्सुलिनसुद्धा तोवर घेत नाही, तेवढी हुशार आहे.

त्या दिवशी तू दुकानात गिऱ्हाईकाचे डोळे तपासत असशील. तुझं ‘बरोबर आहे’ यायला बावीस मिनिटं लागली. बावीस मिनिटं आम्ही दोघं समोरासमोर बसलो होतो. चारशे माणसं माझ्या हातचं काही न विचारता जेवतात. एक मुलगी जेवत नाही.

हे सगळं बघून तुला खूश व्हायचं असेल तर हो. तो तुझा हक्क आहे. मी तुझ्या जागी असतो तर झालोच असतो, आणि अशा पत्राची चौकट करून भिंतीला लावली असती.

फक्त एक कर. ती साडेबाराला फोटो पाठवते आणि संध्याकाळी साडेसातला. त्या दोन वेळांना काचा खाली ठेव, फोन जवळ घे आणि लगेच उत्तर दे. तिला भूक लागलेली असते, आणि ती मान खाली घालून वाट बघत बसते. मला समोर बसून ते बघवत नाही.

– तिचा बाबा